ताई, ब्रेकवरचा पाय काढा!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पिकअपला चावी फिरवली तर बॉनेटखाली नुसतं 'टक्' झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि बसले. आदल्या दिवशीचा झेंडूचा हार बंपरवर अजून ताजा होता.

टोमॅटोचा हंगाम ऐन भरात. दिंडोरी तालुक्यात त्या दिवसांत कुणाला विचारा, घरात दोनच विषय असतात: आज किती कॅरेट निघाले आणि पिंपळगावला काय भाव फुटला. तोडणीच्या बायका मळ्यात पोचायला अर्धा तास होता आणि रिकामे कॅरेट सगळे गाडीत. म्हणून धक्का. मी स्टेअरिंगवर, दोन पोरं मागे. गाडी हलेना तसं मागून एकजण ओरडला, "काकू, आधी ब्रेक सोडा ना!"

बघितलं तर हँडब्रेक खरंच ओढलेला. गुपचूप खाली केला, उताराला गाडी लागली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिनाने पकडलं. जुन्या डिझेल गाडीचं हे एक बरं असतं, चाकं फिरली की ती फार नखरे करत नाही. हँडब्रेकबद्दल पोरं दिवसभर हसली. मीही हसले. तो पोरगा हँडब्रेकबद्दल बोलतच नव्हता, हे कळायला मला पुढे दहा दिवस लागले.

गाडीची ओळख करून देते. २००४ चं मॉडेल, नानांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी २०११ साली सेकंडहँड घेतलेली. पांढरी होती असं म्हणतात. आतमध्ये इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं काही नाही, एक टेप होता तो उंदरांनी सोडवला. नवरा नाशिकला अंबडच्या कारखान्यात शिफ्टला, घरी येतो तो आठवड्याच्या सुट्टीला, त्यामुळे लायसन्स काढल्यापासून गाडी माझ्याकडेच. सकाळी मळा, दुपारी भरणी, संध्याकाळी पिंपळगावच्या जोपूळ रोडला मार्केट, रात्री नऊपर्यंत घरी. घरी आलं की गाडी उलटी घेऊन तोंड अंगणाकडे, मागचा भाग पत्र्याच्या शेडमध्ये, वरून ताडपत्री. ही ताडपत्री लक्षात ठेवा.

त्याच आठवड्यात मार्केटच्या रांगेत मागच्या पिकअपचा ड्रायव्हर खाली उतरून माझ्या खिडकीशी आला. चांगला पन्नाशीचा माणूस. म्हणाला, "ताई, ब्रेकवरचा पाय काढा की कधीतरी. मागच्याला कळतच नाही तुम्ही थांबणार का चालणार."

आता बाईने पिकअप चालवायची म्हटल्यावर रस्त्यावर फुकट शिकवण्या भरपूर मिळतात. गिअर असा टाका, आरसा असा लावा, रिव्हर्स मी घेऊन देऊ का. त्यातलीच ही एक समजून मी काच वर केली. रात्री घरी सांगितलं तर नाना बाजेवरून म्हणाले, "ठेवत असशील पाय. नव्या ड्रायव्हरला सवय असती." सहा वर्षं चालवतेय मी! पण खरं सांगते, दुसऱ्या दिवशी पूर्ण रस्ता मी स्वतःच्या उजव्या पायावर पाळत ठेवली. पाय ब्रेकवर नव्हता. शप्पथ नव्हता.

इकडे बॅटरी दर दोन-तीन दिवसांनी मान टाकत होती. बॅटरीवाल्याने काटा लावला, पाणी पाहिलं आणि निकाल दिला: चार वर्षं झाली, आता बदला. नानांनी सहा हजार आठशे मोजले. नवी ऐंशी अँपिअर-अवरची बॅटरी बसली, पहिल्या सकाळी गाडी अशी चालू झाली की गोठ्यातल्या म्हशी दचकल्या. दुसऱ्या सकाळी जरा जड. तिसऱ्या सकाळी टक्.

मग संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्रावर. ऑटो इलेक्ट्रिकवाला म्हणाला, काढून ठेवा, उघडून बघू, दोन दिवस लागतील. हंगामात दोन दिवस गाडी उभी ठेवणं म्हणजे माल शेतात लाल होऊ देणं. तिथे मात्र मी थांबले. घरात मल्टिमीटर आहे, विहिरीच्या मोटरच्या स्टार्टरसाठी घेतलेला. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावला: १४.१ व्होल्ट. चार्जिंग साधारण पावणेचौदा ते साडेचौदाच्या आत असेल तर अल्टरनेटर आपलं काम करतोय. म्हणजे भरणारा भरत होता, बॅटरी नवी होती, तरी सकाळी हंडा रिकामा. पाणी भरायला कमी पडत नव्हतं, हंड्यालाच कुठेतरी भोक होतं.

फोनवर नवरा म्हणाला, "निगेटिव्हची केबल काढ, मीटर दहा अँपिअरवर टाक आणि केबल न् बॅटरीच्या मध्ये लाव. आणि मीटर लावलेला असताना चावी फिरवू नको, सेल्फची मोटर शंभर अँपिअरच्या वर ओढते, मीटर जाईल." चावी काढलेली, दिवे बंद, दारं बंद. आमच्यासारख्या गाडीने अशा वेळी जवळजवळ शून्य दाखवायला हवं. मीटरवर आकडा: ३.४.

बारावी सायन्स केलेलं असं कधीतरी कामाला येतं. साडेतीन अँपिअर, बारा व्होल्ट, म्हणजे बेचाळीस वॅट. बेचाळीस वॅटचं गाडीत काय आहे? हेडलाइट याहून जास्त खातात, डॅशबोर्डचे बल्ब फारच कमी. तेव्हा उत्तर सुचलं नाही. पण हिशेब मांडून पाहिला: रात्री नऊ ते सकाळी साडेसहा, साडेनऊ तास, म्हणजे एका रात्रीत तेहतीस अँपिअर-अवर खलास. दिवसभरातला आमचा प्रवास एवढा थोडा की त्यातलं निम्मंही परत भरत नसेल. ऐंशीची नवी बॅटरी तिसऱ्या सकाळी का झोपली ते कागदावरच दिसलं. बिचारी जुनी बॅटरी! ती तोवर बॅटरीवाल्याकडे मोडीत गेली होती.

मग फ्यूज. एकेक उपटायचा, मीटर बघायचा, परत बसवायचा. पहिला, दुसरा, तिसरा, आकडा ढिम्म. पाचवा उपटला आणि मीटर शून्यावर आला. फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचं चित्र पुसलेलं, पण हॉर्न दाबला तर वाजेना, म्हणजे हॉर्नचा फ्यूज. हॉर्न तर रात्रभर वाजत नव्हता! नवऱ्याला पुन्हा फोन. तो म्हणाला, "हॉर्न आणि ब्रेक लाईट एकाच फ्यूजवर आहेत बहुतेक. मागे जाऊन बघ."

मागे गेले. ताडपत्रीची कड उचलली. दोन्ही ब्रेक लाईट बंद. बंदच असणार, फ्यूज माझ्या हातात होता. पण उजव्या दिव्याच्या काचेवर हात टेकला तर ती तव्यावरून उतरवून बाजूला ठेवलेल्या भाकरीसारखी कोमट. आणि बंपरवर त्या दिव्याला पाठ लावून आमचं मांजर झोपलेलं. आठवडाभर ते तिथेच झोपत होतं. मी म्हणायची, यंदा याला चुलीची आठवण कशी नाही.

फ्यूज परत बसवला. ताडपत्रीखाली दोन लाल डोळे उघडले. ब्रेकवर कुणाचाही पाय नव्हता, गाडीत कुणी नव्हतंच. एकवीस वॅटचे दोन बल्ब, बेचाळीस वॅट. ब्रेक लाईटला चावीची गरज नसते, बॅटरीवरून सरळ फ्यूज, फ्यूजवरून स्विच, स्विचवरून बल्ब. तो मार्केटवाला ड्रायव्हर, तो धक्का मारणारा पोरगा, सगळे बरोबर सांगत होते. गाडी चालवणाऱ्याला स्वतःचा ब्रेक लाईट कधी दिसत नाही, आणि ज्याला दिसला त्याच्या तोंडावर मी काच वर केली होती.

इथपर्यंत आल्यावर काम संपलं असं वाटलं. ब्रेकचा स्विच खराब, बदला, झालं. पण स्विच कुठे असतो?

नाना म्हणाले, "बॉनेट उघड. मास्टर सिलिंडरच्या पाइपात असतो, पितळी, वर दोन वायरी." मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल पुढे ढकलणारा भाग. अर्धा तास मी बॉनेटमध्ये शोधलं. नाना शेजारी उभे. "काय शोधू राह्यली तिथं, त्या बाजूला बघ." त्या बाजूलाही नव्हता. नानांचं चुकलं असं म्हणवत नाही. त्यांची पहिली जीप होती तिला ब्रेक ऑइलच्या लाइनमध्येच स्विच बसवलेला. पेडल दाबलं की तेलाचा दाब वाढतो, त्या दाबाने आतला पडदा सरकतो आणि वायरी जुळतात. तो स्विच बिघडला की वायरीच्या टोकातून ब्रेक ऑइल झिरपायचं, असं नाना सांगतात. आमच्या पिकअपला ती पद्धत नाही. हिचा स्विच आत, ब्रेकच्या पेडलच्या दांडीला वरच्या बाजूला, डॅशबोर्डखाली अंधारात.

तो बघायला माणसाला वटवाघूळ व्हावं लागतं. पाठ गाडीच्या तळाला, डोकं पेडलमध्ये, पाय सीटवरून बाहेर, मोबाईल टॉर्च लावून दातात. अंगणातून जाणाऱ्या शेजारणीने विचारलं, "काय गं, बरी आहेस ना?"

दिसला एकदाचा. करंगळीएवढा काळा स्विच, अंगावर आटे, पुढे-मागे दोन नट मारून पट्टीला कसलेला, मागे दोन वायरींचं कपलर, पुढे पांढरी पिन. त्याची चाल उलटी असते, हे आधी डोक्यात बसवून घ्यावं लागतं. दारावरची घंटा आपण दाबली की वाजते. हा स्विच मोकळा सोडला की चालू आणि दाबून धरला की बंद. पेडल वर असताना त्याची दांडी पिनेला आत दाबून ठेवते, तेव्हा दिवा बंद. आपण पाय दिला की दांडी दूर जाते, पिन बाहेर उडी मारते, दिवा लागतो.

कपलर काढलं. शेडमधून पोरगा ओरडला, "गेले!" म्हणजे वायरिंगमध्ये कुठे चिकटाचिकट नाही, मामला स्विचपाशीच. दुसऱ्या दिवशी नाशिकला निरोप देऊन दीडशे रुपयांचा नवा स्विच मागवला, बसवला, कपलर लावलं.

"काकू, चालूच आहे!"

तेव्हा मला खरोखर रडू आलं. दुकानातून नवीन आणलेला स्विचसुद्धा खराब?

मधल्या त्या तीन-चार दिवसांत आमची तात्पुरती सोय अशी होती: रात्री घरी आलं की फ्यूज काढून डॅशबोर्डवर गणपतीच्या पायाशी ठेवायचा, सकाळी आधी फ्यूज आणि मग चावी. सोय चांगली होती. पण एका सकाळी मी चावी आधी फिरवली आणि तशीच निघाले. फाट्यावर एक मोटारसायकल आडवी आली, हॉर्न दाबला तर आवाज नाही, ब्रेक मारला तर मागे दिवा नाही, आणि मागे ऊस भरलेला ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्याने दोन ट्रॉल्या जागच्या जागी उभ्या केल्या. त्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता. असली सोय करू नका. दिवसभर चालू राहणारा ब्रेक लाईट वाईटच, पण न लागणारा त्याहून वाईट.

रविवारी पुन्हा वटवाघूळ. या वेळी कपलर तसंच ठेवलं आणि नव्या स्विचची पिन अंगठ्याने आत दाबली.

"गेले काकू!"

सोडली. "लागले!" दाबली. "गेले!"

स्विच ठणठणीत. जुनाही ठणठणीतच असणार. प्रश्न इतकाच की जे काम माझा अंगठा करत होता ते पेडलची दांडी का करत नव्हती. मोबाईल जवळ नेला आणि मग दिसलं. दांडीवर जिथे पिन टेकायची, बरोबर तिथे एक गोल भोक. वाटाणा जाईल एवढं. पिन त्या भोकातून निवांत पलीकडे गेलेली. दांडी जागेवर, पिन जागेवर, पण दोघींची भेटच होत नव्हती.

त्या भोकात मुळात एक प्लॅस्टिकची बटणासारखी गट्टी असते. पिनेला टेकायला सपाट जागा मिळावी आणि लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. वीस वर्षांची उष्णता खाऊन ती ठिसूळ होते आणि एक दिवस तिचा भुगा होतो.

भुगा! दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुताना ड्रायव्हरच्या पायाखालची चटई झटकली, तेव्हा पिवळट पांढरे तुकडे पडले होते, लाह्यांच्या चुऱ्यासारखे. मला वाटलं कुणीतरी गाडीत बसून कुरमुरे खाल्ले. मीच ते केरसुणीने गोळा करून उकिरड्यावर टाकले, वर गाडीला हळदकुंकू लावलं. म्हणजे आजाराचं निदान पहिल्याच दिवशी माझ्या सुपलीत होतं.

आता ती गट्टी आणायची कुठून? शेतकऱ्याच्या घरात प्लॅस्टिकची बुचं कमी नसतात. ठिबकच्या नळीला पडलेलं भोक बुजवायची डमी दाबून बसवली. दिवा गेला, टाळ्या झाल्या, चहा झाला. मार्केटला जाऊन येईपर्यंत डमी उडून क्लचखाली. पातळ पडते ती, ब्रेकचे दणके तिला सोसत नाहीत. मग सहा नंबरचा आखूड बोल्ट, दोन्हीकडून चपटे वॉशर, मागून नट. बोल्टचं डोकं पिनेकडे. हा जुगाड मात्र आठवडाभर हलला नाही. फक्त पाय काढला की पेडल 'खट्' असा आवाज करायचं.

खरी गट्टी नाशिकच्या स्पेअर पार्टच्या तिसऱ्या दुकानात मिळाली. पहिल्या दोघांनी "स्विच देऊ का?" एवढंच विचारलं. तिसऱ्याकडचा म्हातारा सेल्समन काही न बोलता आत गेला आणि एका डब्यातून दोन बोटांत धरून घेऊन आला. वीस रुपये. मी दोन घेतल्या. सहा हजार आठशेची बॅटरी, दीडशेचा स्विच आणि आजार वीस रुपयांचा. नानांना मी पूर्ण हिशेब सांगितलेला नाही. हे ते वाचणार नाहीत.

बसवताना गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवली की ती नरम होते, मग भोकात पकडीने दाबली की टचकन बसते. कोरडी ठोकायला गेलात तर कान तुटतात. त्यानंतरचं काम जास्त नाजूक: स्विच किती पुढे घ्यायचा. मागे राहिला तर पिन पूर्ण दाबली जात नाही आणि खड्ड्यात आपटलं की दिवा लुकलुकतो. फार पुढे घेतला तर स्विचच पेडलला खाली ढकलून धरतो, पेडल पूर्ण वर येत नाही, मास्टर सिलिंडरमधलं तेल परतायची वाट बंद राहते आणि ब्रेक हळूहळू चिकटायला लागतात. गाडी जड ओढते, ड्रम तापतात. मी गट्टी आणि स्विचच्या आट्याच्या टोकामध्ये लग्नपत्रिकेचा पुठ्ठा धरला, तो जेमतेम सरकेल एवढी फट ठेवली आणि चेकनट कसला. मार्केटला जाऊन आल्यावर नानांनी चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. "गार हाय," म्हणाले.

लगे हात उजव्या दिव्याची काचही उघडली. आठवडाभर जळून ती आतून पांढुरकी पडली होती. शिवाय तो दिवा डाव्यापेक्षा मंद वाटायचा आणि ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटरही हलकासा उजळायचा. असं दोन दिवे एकमेकांत मिसळले की बल्ब बदलत बसू नका, अर्थिंग बघा, म्हणजे करंटची बॉडीतून परतीची वाट. ती सडली की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. बॉडीला लावलेला स्क्रू टोमॅटोच्या पाण्याने हिरवा झाला होता. काढला, पत्रा पॉलिश पेपरने घासला, परत कसला, वर ग्रीसचं बोट. त्या घरात बल्ब दोन तारांचा असतो, पाच वॅट टेलला आणि एकवीस ब्रेकला. त्याच्या दोन खुंट्या मुद्दाम खाली-वर असतात, उलटा बसू नये म्हणून. तरी पूर्वी कुणीतरी तो जोर लावून उलटा बसवलेला होता, खोबणीवर खुणा आहेत. कोण ते विचारत नाही, घरात आपणच माणसं.

आता रोज रात्री गाडी शेडला लावली की नाना काठी टेकत मागे जाऊन उभे राहतात.

"दाब."

दाबते.

"सोड."

सोडते.

"सोडला का?"

"सोडला नाना."

मग ते ताडपत्री ओढतात. मांजर चुलीपाशी परत गेलंय.

दुसरी गट्टी मी जादाची म्हणून आणली होती. काल रात्री सहज क्लचच्या दांडीकडे टॉर्च मारला. तिथे स्विच नाही, नुसता थांब्याचा बोल्ट आहे, पण टेकायला तश्शीच गट्टी. नखाने हलकंसं खरवडलं. लाह्यांचा चुरा चटईवर पडला.